उशिरा शिकलेला टाका

संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा पित्ताशयातील खड्यांवर किंवा एखाद्या परदेश प्रवासावर चार पाने मिळतील, अशी त्यांची अपेक्षा असावी. या दोन्ही विषयांवर लिहून मी वाचकांच्या सहनशक्तीची यापूर्वी पुरेशी परीक्षा पाहिली आहे. या वेळी मी निराळा विषय मागून घेतला. तो विषय म्हणजे सोल्डरिंग. रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर तापलेल्या टोकाने जे करतो, तेच. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी मी ते शिकू लागलो आणि शिकता शिकता स्वतःच्या व्यवसायाविषयी एक गोष्ट ध्यानात आली, जी चाळीस वर्षे शस्त्रक्रिया करूनही पुरती ध्यानात आली नव्हती. म्हणून हा लेखनप्रपंच.

शस्त्रक्रिया करणे मी थांबवले त्याला आता दोन वर्षे झाली. हात कापू लागण्यापूर्वीच थांबावे, असे पूर्वीच ठरवले होते आणि ते पाळले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझा आठवीतला नातू सुट्टीसाठी पुण्याहून इंदूरला आला, तो एक छोटे खोके घेऊन. नवशिक्यांसाठी तयार केलेले ते इलेक्ट्रॉनिक्सचे किट होते. आत दोन ट्रान्झिस्टर, दोन एलईडी दिवे, चार रेझिस्टर, दोन कपॅसिटर, नऊ व्होल्टच्या बॅटरीला लावायची टोपी आणि भोके पाडलेला एक लहानसा सर्किट बोर्ड. सर्व भाग योग्य जागी बसवून जोडले की दोन्ही दिवे आलटून पालटून लुकलुकतात, एवढेच त्या किटचे कार्य. जोडायच्या जागा मी मोजल्या, त्या चोवीस भरल्या.

‘‘आजोबा, तुम्ही सर्जन आहात. टाके तुम्हीच घाला,’’ नातू म्हणाला.

या वाक्याने मी फुशारलो, हे कबूल केले पाहिजे. शस्त्रक्रियेच्या वेळी वापरायचे भिंगाचे चश्मे कपाटातून काढले, टेबलावर दिवा ओढून घेतला आणि तासाभरात चोवीस चकचकीत गोळ्या त्या बोर्डावर ओळीने बसवल्या. बॅटरी जोडली. दिवे लागले नाहीत. बॅटरी बदलून पाहिली. तरीही अंधारच. तेव्हा मी गंभीर मुद्रेने निदान केले की किटमधील एखादा भाग मुळातच सदोष असावा. नातू काही बोलला नाही. माझ्या मानासाठी तो गप्प राहिला, हे मला कळले आणि ते मनाला लागले.

दुसऱ्या दिवशी तो बोर्ड घेऊन आम्ही दोघे महाराणी रोडवर गेलो. इंदूरकरांना या रस्त्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. तेथील एका गल्लीत, दोन माणसे जेमतेम बसतील अशा जागेत, तिशीचा एक कारागीर काम करीत होता. त्याने बोर्ड हातात घेतला, उजेडाकडे तिरपा धरला आणि चिमट्याने एका ट्रान्झिस्टरचा पाय हलकेच दाबला. माझ्या त्या सुबक गोळीच्या आत तो पाय सहज हलला.

‘‘डॉक्टर साब, सामान सब ठीक है,’’ तो म्हणाला. ‘‘आपने राँगा गरम किया है, जगह गरम नहीं की.’’

माझ्या चोवीस टाक्यांपैकी नऊ त्याने उत्तीर्ण केले. एक एलईडी मी उलटा बसवला होता, तेही त्याने दाखवले. मग आपले काम बाजूला सारून त्याने मला शिकवायला घेतले.

त्याने जे सांगितले त्याचे सार असे. आपण नवशिके तापलेल्या टोकावर सोल्डरची तार वितळवतो आणि तो थेंब जोडाच्या जागी नेऊन टाकतो. खालची तांब्याची चकती आणि भागाचा पाय थंडच असतात. थंड धातूवर थेंब पडतो, गोठतो, गोल दिसतो. पण चिकटत नाही. खरी रीत अशी की आयर्नचे टोक चकती आणि पाय या दोघांनाही एकाच वेळी टेकवायचे, ते तापू द्यायचे आणि सोल्डरची तार समोरच्या बाजूने, तापलेल्या जागेला लावायची. जागा पुरेशी तापली असेल तर सोल्डर स्वतःच धावते, पायाभोवती चढते आणि चकतीवर पसरते. मग आधी तार काढायची, नंतर आयर्न, आणि सोल्डर गोठेपर्यंत काहीही हलू द्यायचे नाही. हे सारे दोन-तीन सेकंदांत आटोपते. चांगला टाका चहूबाजूंनी किंचित आत वळलेल्या उतारासारखा, लहानशा तंबूसारखा दिसतो. वाईट टाका मण्यासारखा गोल दिसतो. माझ्या ओळीने बसलेल्या गोळ्यांचे सौंदर्य हाच त्यांचा दोष होता.

ऐकता ऐकता मला आमच्या लहानपणीचा कल्हईवाला आठवला. पितळेचे पातेले तो आधी घासून स्वच्छ करी, भात्याने फुलवलेल्या निखाऱ्यांवर तापवी, त्यात नवसागराची पूड टाकी, आणि मगच कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने ती चंदेरी झळाळी क्षणात सर्वत्र फिरवी. तापल्याविना आणि मळ निघाल्याविना कथील पातेल्याला धरत नसे. येथेही तेच शास्त्र आहे. नवसागराच्या जागी सोल्डरच्या तारेच्या पोटात भरलेली राळ असते. ती तांब्यावरचा ऑक्साइडचा थर दूर करते. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, शिसे ३२७ अंशांना. पण ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे एकत्र केले की ते मिश्रण अवघ्या १८३ अंशांना, अधलीमधली लापशी न होता, एकदम वितळते आणि एकदम गोठते. आयर्नच्या टोकालाही आधी सोल्डरचा पातळ लेप द्यावा लागतो. म्हणजे अवजारालाच कल्हई. अशी ही विद्या आपल्या आजीच्या स्वयंपाकघराला परकी नव्हती. आपणच तिला विसरलो.

इंदूरच्या हिंदीत सोल्डरच्या या जोडालाही ‘टाँका’ म्हणतात. तो शब्द त्या दिवशी वारंवार कानावर पडला आणि मनाच्या तळाशी पडलेली एक जुनी गोष्ट वर आली. ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

१९७९ साल. मी इंटर्न होतो. रात्रपाळीला विशीचा एक मजूर आला. पत्र्याने त्याचा हात मनगटापासून वर चांगलाच कापला होता. टाके घालताना मी अनेकदा पाहिले होते, पुस्तकातील आकृत्याही पाठ होत्या. पण माझ्या हातांनी तोवर एकही टाका घातला नव्हता. ‘‘घालून टाक,’’ म्हणून वरिष्ठ चहाला गेले. मी सात टाके घातले. एका रेषेत, समान अंतरावर, घट्ट. घट्ट असणे म्हणजे पक्के असणे, अशी माझी समजूत होती. काम पुरे झाल्यावर मी ते कौतुकाने न्याहाळल्याचेही मला आठवते.

चौथ्या दिवशी तो परत आला तेव्हा जखमेच्या कडा काळवंडल्या होत्या आणि खाली पू साचला होता. घट्ट टाक्यांनी कडांचा रक्तपुरवठाच आवळला गेला होता. टाके काढून जखम उघडी ठेवावी लागली. ती भरून यायला काही आठवडे लागले आणि तितके आठवडे त्याची मजुरी बुडाली. शेवटच्या ड्रेसिंगच्या दिवशी त्याने मला हात जोडून नमस्कार केला. ते टाके कोणी घातले होते, हे त्याला ठाऊक नव्हते. मी ते त्याला सांगितले नाही, वरिष्ठांनाही सांगितले नाही. आज या पानावर सांगतो आहे.

टाक्याने कडा नुसत्या जवळ आणायच्या असतात. सांधण्याचे काम शरीर करते. सोल्डरिंगमध्ये आपण जागा तापवायची असते. पसरण्याचे काम धातू करतो. दोन्हीकडे नवशिका बळ लावतो आणि वरून नीटनेटके दिसले की समाधान पावतो. महाराणी रोडवरच्या त्या बाकावर बसून मला जे शिकवले गेले, ते १९७९ साली त्या मजुराच्या हाताला सुई लावण्यापूर्वी मला कळायला हवे होते. माझ्या पहिल्या वाईट टाक्यांची किंमत एका हातावर पोट असलेल्या माणसाने मोजली. आपल्यापैकी किती जणांच्या पहिल्या टाक्यांची किंमत कोणी मोजली असेल, हे ज्याचे त्याने स्वतःला विचारावे.

येथेच माझ्या म्हणण्याचा मुख्य मुद्दा येतो. हाताला चुकावे लागते. चुकल्यावाचून हात शिकत नाही, हे विधान कोणीही नाकारणार नाही. मग प्रश्न एवढाच उरतो की त्या चुका कोठे व्हाव्यात? २०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम कौशल्याधिष्ठित झाला आणि वैद्यकीय महाविद्यालयांत कौशल्य-प्रयोगशाळा आल्या, ही आनंदाची गोष्ट आहे. फोमच्या कृत्रिम त्वचेवर आजची मुले टाके घालतात. पण माझे मत असे की हाताचे शिक्षण एमबीबीएसच्या वर्गात सुरू होणे म्हणजे फार उशिरा सुरू होणे. अठराव्या वर्षापर्यंत ज्या हातांनी लेखणी आणि मोबाईल यांखेरीज काही धरले नाही, त्यांना आपण एकदम सुई देतो.

आणि फोमच्या तुकड्यापेक्षा या किटमध्ये एक गुण अधिक आहे. फोमवरचा टाका चांगला की वाईट, हे कोणीतरी सांगावे लागते, आणि सांगणारा भिडस्त असू शकतो. किटला भीड नसते. दिवा लागतो किंवा लागत नाही. लागला नाही तर बॅटरीपासून सुरुवात करून एकेक जोड तपासत जावे लागते: येथवर विद्युत्दाब पोहोचला का, येथून पुढे का नाही, हा भाग उलटा तर बसला नाही? माझ्यासारखे ‘मालच खराब’ हे निदान करून मोकळे होता येत नाही. रुग्णाचा इतिहास घेऊन, एकेक शक्यता वगळत निदानापर्यंत जाण्याची जी शिस्त आपण विद्यार्थ्यांना तोंडी शिकवतो, ती येथे तेरा वर्षांच्या मुलाला हातांनी मिळते. शिवाय चूक उलटवता येते. सोल्डर पुन्हा वितळवावे, ओढपंपाने किंवा तांब्याच्या विणलेल्या पट्टीने शोषून घ्यावे, जागा साफ करावी, पुन्हा बसावे. माझे पंधरा टाके मी असेच उसवून पुन्हा घातले. कोणाची मजुरी बुडाली नाही.

दिवे लागले तेव्हा त्या लुकलुकण्याकडे पाहून माझ्यातला डॉक्टर जागा झाला. मी घड्याळ काढून ठोके मोजू लागलो. मिनिटाला सुमारे त्रेचाळीस. एखाद्या हार्टब्लॉकच्या रुग्णाची नाडी! नातवाने गणित मांडून दाखवले. दहा हजार ओहमचा रेझिस्टर आणि शंभर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांचा गुणाकार एक सेकंद येतो, त्याचा ०.६९ पट काळ एक दिवा जळतो, तितकाच दुसरा. मग आम्ही एक कपॅसिटर उसवून तेथे बावीस मायक्रोफॅरडचा बसवला. कागदावर ठोके एकाहत्तर यायला हवे होते. प्रत्यक्षात सत्तरीच्या आसपास आले. एक दिवा जास्त वेळ आणि दुसरा थोडा वेळ जळू लागला, जणू डायस्टोल आणि सिस्टोल. आजोबा-नातवाने मिळून टेबलावरच्या एका निर्जीव नाडीचा ब्रॅडिकार्डिया बरा केला.

हा केवळ गमतीचा योगायोग नाही. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी अमेरिकेतील मिनिॲपोलिस भागात वीज गेली. तेथील विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. वॉल्टन लिलेहाय हे बालकांच्या हृदयांवर शस्त्रक्रिया करीत आणि त्या बालकांचे पेसमेकर भिंतीतील विजेवर चालत. लिलेहाय यांनी रुग्णालयाची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या अर्ल बॅकन यांना विचारले की बॅटरीवर चालणारे काही करता येईल का. बॅकन यांना ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या हौशी लोकांच्या मासिकात छापलेले एका मेट्रोनोमचे, म्हणजे गाणाऱ्यांना ताल देणाऱ्या यंत्राचे, सर्किट आठवले. दोन ट्रान्झिस्टरचे ते सर्किट त्यांनी आपल्या गॅरेजमधील कार्यशाळेत थोडे बदलून डबीत बसवले. काही आठवड्यांत ते तयार झाले, प्राण्यावर तपासले गेले, आणि दुसऱ्याच दिवशी ते एका बालकाला लावलेले बॅकन यांनी पाहिले. पुढच्याच वर्षी, ८ ऑक्टोबर १९५८ रोजी, स्टॉकहोममध्ये आके सेनिंग यांनी आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातील पहिला पेसमेकर बसवला. तो तयार करणारे रुने एल्मक्विस्ट हे शिक्षणाने डॉक्टर होते. बूटपॉलिशच्या डबीचा साचा करून त्यांनी ते सर्किट एपॉक्सीमध्ये ओतून घेतले होते. पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. पण लार्सन पुढे २००१ पर्यंत, एल्मक्विस्ट आणि सेनिंग या दोघांच्याही नंतर, जगले. एक डॉक्टर हाताने सर्किट जोडत होता, म्हणून हे घडले. आपल्याकडे अशा डॉक्टरला सहकारी ‘मेकॅनिक’ म्हणून हसले असते, अशी मला शंका आहे.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण आमच्या चहाच्या बैठकीत ते सर्व मला ऐकवून झाले आहेत.

पहिला आक्षेप आपल्याला शोभणारा आहे: शिसे विषारी आहे, ते मुलांच्या हाती का द्यावे? आक्षेप योग्य, पण अर्धा. शिसे उकळते १७४९ अंशांना आणि आयर्नचे टोक असते ३५० अंशांच्या आसपास, त्यामुळे शिशाची वाफ हा येथील खरा धोका नाही. धोका हातावाटे तोंडात जाण्याचा आहे. म्हणून काम करताना खाणे-पिणे नाही, काम संपल्यावर हात साबणाने धुणे, टेबल ओल्या फडक्याने पुसणे. मुलांसाठी तर बिनशिशाची तारच घ्यावी. ती २१७ ते २२७ अंशांच्या दरम्यान वितळते, थोडा अधिक धीर मागते, इतकेच. जो धूर दिसतो तो राळेचा असतो. राळेच्या धुराने कारागिरांना दमा जडतो, हे आपल्या शास्त्राला चांगले ठाऊक आहे. तेव्हा खिडकी उघडी, धूर बाजूला ओढणारा छोटा पंखा, डोळ्यांवर चश्मा आणि शेजारी एक मोठे माणूस, एवढी पथ्ये पाळावीत. आणि दम्याचे जे कारागीर आपल्या दवाखान्यात येतात, त्यांना आपण ‘काम काय करता’ हे विचारतो का, हाही प्रश्न आपण स्वतःला विचारावा. मी पूर्वी विचारीत नसे.

दुसरा आक्षेप असा की आज सर्व काही यंत्रेच जोडतात, मोबाईलमधील भाग वाळूच्या कणाएवढे असतात, मग हे जुनाट कौशल्य कशाला? त्याला माझे उत्तर असे की नातवाने कारखान्यात नोकरी करावी म्हणून मी त्याला हे शिकवीत नाही. कॅल्क्युलेटर आल्यावर आपण पाढे सोडले नाहीत. तापलेली जागा, थांबलेला हात आणि ‘आता पुरे’ हे ओळखणारी नजर, या तिन्हींचा उपयोग तो पुढे जे काही करील त्यात होईलच.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण तोच सर्वांत बळकट आहे. हे काम ‘आपल्या’ मुलांचे नव्हे, अशी आपली आतली समजूत आहे. आपण इंदुरातील मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या शिक्षणाच्या बळावर येथे रुजलो, याचा अभिमान सार्थ आहे. पण त्याबरोबर एक खोडही जडली. विद्या डोक्याची आणि हाताचे काम दुसऱ्याचे. मुलगा सोळाव्या वर्षी न्यूटनचे नियम लिहितो आणि घरातील प्लगची सैल झालेली तार बसवायला माणूस बोलावतो. मग तोच मुलगा डॉक्टर होतो आणि आपण म्हणतो, नव्या पिढीला हातच नाहीत. हात आपणच दिले नाहीत.

केवळ तक्रार करून थांबणे बरे नव्हे, म्हणून एक सूचना करतो. आपल्या वार्षिक स्नेहसंमेलनात मुलांसाठी प्रश्नमंजूषा असते, वेषभूषा असते. त्यांच्या जोडीला एक सोल्डरिंगचे टेबल असावे. दहा वर्षांवरील मुले, पाच-सहा आयर्न, दोन दिव्यांची साधी किटे आणि पालकांपैकी ज्यांना धीर होईल ते. शिकवायला आपण महाराणी रोडवरील कारागिरांना बोलवावे. त्यांना रीतसर मानधन द्यावे आणि इतर वक्त्यांप्रमाणे त्यांचेही स्वागत पुष्पगुच्छ देऊन करावे. आपल्या मुलांनी एखाद्या कारागिराला ‘सर’ म्हणून प्रश्न विचारलेले मला एकदा पाहायचे आहे. आणि आपल्या सभासदांपैकी जे इंटर्नना शिकवतात, त्यांनी पहिला टाका रुग्णावर घालू देण्यापूर्वी इंटर्नच्या हाताला किती सराव आहे, एवढे विचारण्याची पद्धत पाडावी.

तो बोर्ड सध्या माझ्या टेबलावर असतो. त्यातील एक टाका अजूनही ओबडधोबड आहे. तो नातवाने घातलेला पहिला टाका. वीज नीट वाहते, म्हणून आम्ही तो तसाच ठेवला आहे.

मंडळाच्या पुढील सभेत मी हा प्रस्ताव रीतसर मांडणार आहे. विरोध करण्याचा अधिकार प्रत्येक सभासदाला आहेच. माझी नम्र विनंती इतकीच की विरोध करणाऱ्यांनी सभेला येण्यापूर्वी चोवीस टाके घालून यावे. किट मी देईन.